अकरा जण जमेपर्यंत

९ मार्च

आजपासून लिहायचं ठरवलं आहे. ऑगस्टमध्ये फिजीत, सुव्याला स्पर्धा आहे आणि आमच्या एवढ्याशा देशाचा फुटबॉल संघ माझ्याकडे दिला आहे. आमच्या संघाचा इतिहास कुणी लिहिलेला नाही. माझे वडील पहिल्या संघात होते, एकोणऐंशी साली. त्या संघाबद्दल इथे फुनाफुतीत, आमच्या राजधानीच्या बेटावर, कुणालाही विचारलं तर एकच गोष्ट सांगतात, ताहितीने अठरा गोल चढवले. त्याच स्पर्धेत टोंगाला हरवलं होतं, ते कुणाच्या लक्षात नाही. लिहून ठेवलं नाही की लोकांना फक्त मार आठवतो.

जगाची फुटबॉल संघटना आम्हाला आत घेत नाही. मैदान एकच, हॉटेलं नाहीत. त्या मैदानावर या आठवड्यात भरतीचं पाणी खालून वर आलंय, त्यामुळे सराव विमानतळाच्या धावपट्टीवर चालू आहे. डांबरावर पडलं की गुडघे सोलतात. पोरं पडत नाहीत, म्हणजे बॉलसाठी झेपावतही नाहीत. बचाव शिकवायचा कसा, हा प्रश्न आहे.

१७ मार्च

वीजघरातली पाळी संपवून थेट सरावाला गेलो. गोलरक्षक लुतेलू सोडला तर सगळे उशिरा आले. लुतेलू एकटाच डांबरावर आडवा पडतो. कोपरं फाटलेली, पण हसतोय. त्याला एकच खोड आहे, गोल सोडून लवकर पुढे धावतो. मी ओरडलो की म्हणतो, "काका, घरात बसून राहायला मला जमत नाही."

हा पोरगा नसता तर मी संघ घेतलाच नसता.

आमची इलिसे शाळेतून येताना दोनदा रस्त्यात बसली, असं माझी बायको माकेरीता म्हणाली. नऊ वर्षांची पोर. ऊन फार आहे सध्या.

२ एप्रिल

ऑस्ट्रेलियाच्या चिठ्ठ्यांचे दिवस पुन्हा आलेत. नाव टाकायचं, निघालं की कायमचं तिकडे राहायला जायचं. वीजघरात दिवसभर हाच विषय. माकेरीताने विचारलं, "आपलं टाकू का?"

मी म्हटलं, "अर्धा देश टाकतोय, तू कशाला मागे राहतेस? टाक. आपलं नशीब मला माहीत आहे. नाणेफेक तरी मी कधी जिंकलोय?"

ती हसली नाही. माझ्या विनोदांना आताशा ती हसत नाही.

६ मे

लुतेलूचं नाव निघालं.

सरावाच्या आधी येऊन सांगितलं त्याने. तोंडावरचं हसू लपवता येत नव्हतं आणि माझ्याकडे बघवतही नव्हतं. मी विचारलं, ऑगस्टपर्यंत थांबशील का. म्हणाला, "काका, तिकडे मामाने काम बघून ठेवलंय. ते लोक थांबत नाहीत."

मी सगळ्यांसमोर बोललो. म्हटलं, देशाची जर्सी अंगात आहे तोवर ती देशाची, जाताना ती धुऊन परत करायची असते. पळणाऱ्याला पाय असतात, गोलरक्षकाला हात लागतात. असं बरंच काही. तो खाली मान घालून ऐकत होता. कप्तान अलोपुआ मध्ये पडला, "काका, पुरे आता." हा अलोपुआ बंदरावर माल उतरवतो, एरवी चार दिवसांत एक वाक्य बोलतो.

घरी येऊनही माझं चालूच होतं. माकेरीता मासा साफ करत होती. मी म्हटलं, "जाणारा प्रत्येक जण इथे राहणाऱ्याच्या अंगावर पाय देऊन जातो." तिची सुरी थांबली. काहीतरी बोलणार होती असं वाटलं. मग म्हणाली, "जेवून घे."

१८ मे

लुतेलूचं निरोपाचं जेवण. मी गेलो नाही. माकेरीता आणि इलिसे गेल्या. परत आल्या तेव्हा माकेरीताचे डोळे सुजले होते. निरोपाच्या जेवणात आजवर ती कधी रडलेली मला आठवत नाही. लुतेलूच्या आईशी तिची एवढी जवळीक कधी झाली कोण जाणे, हल्ली रोज तिकडेच असते.

लुतेलूने माझ्यासाठी डुकराच्या मांसाचा वाटा पाठवला होता. खाल्ला नाही. इलिसेने खाल्ला.

२९ मे

नवा गोलरक्षक, एतिमोनी. पोलिसात आहे. सहा फूट उंच, हात लांब, बॉलला घाबरतो. पहिला फटका छातीवर बसल्यावर बॉलकडे असा बघत होता, जणू त्याला आत टाकावं की समज देऊन सोडावं. पोरं पोट धरून हसली. मीही हसलो, बऱ्याच दिवसांनी.

"हवालदार, पकडायचा असतो तो," अलोपुआ म्हणाला.

"वॉरंट नाही," एतिमोनी म्हणाला.

पण माणूस वेळेवर येतो. गोल खातो आणि परत उभा राहतो. यापेक्षा जास्त मागण्यासारखं माझ्याकडे काय आहे?

११ जून

इलिसेचं महिन्याचं इंजेक्शन आलेलं नाही. जहाज उशिरा आहे. लहानपणीच्या तापाने हृदयाची झडप बिघडलीय, इंजेक्शन चुकवायचं नाही, असं डॉक्टर दर वेळी सांगतो आणि दर वेळी तोच म्हणतो की साठा संपलाय. त्याचाही दोष नाही.

माकेरीताने मलाही इस्पितळात नेलं. छातीचा फोटो, रक्त, लघवी, सगळं. मी म्हटलं, "मला काय झालंय?" म्हणाली, "परदेशी जायचं तर लागतं ना." बरोबर आहे, सुव्याला संघ घेऊन जायचं म्हणजे कागदपत्रं हवीत. माझा पासपोर्टही तिनेच मागून घेतला. या बाईने एवढं मनावर घेतलं, याचं मला खरंच बरं वाटलं. इतकी वर्षं ती म्हणायची, तुझं लग्न बॉलशी झालंय.

तिचा आणि इलिसेचाही फोटो काढला. एकदा आलोच आहोत तर, म्हणाली.

३० जून

आणखी दोघं गेले. डावीकडचा बचावपटू आणि माझा एकमेव डावखुरा. एकाने सांगितलं, दुसऱ्याने सांगितलंही नाही. आता सरावाला कधी नऊ येतात, कधी दहा. अकरा जमेपर्यंत वाट बघत बसलो तर अंधार पडतो, म्हणून आहेत तेवढ्यांत सुरू करतो आणि उरलेल्या जागी स्वतः उभा राहतो. बावन्नाव्या वर्षी डावीकडचा बचाव. श्वास पुरत नाही. घरी इलिसे दारात बसलेली असते, तीही धापा टाकत. आम्ही बापलेक एकमेकांकडे बघून हसतो.

आमची डुकरीण माकेरीताने तिच्या बहिणीकडे दिली. खायला घालायचा कंटाळा आला म्हणे. शिलाईचं यंत्रही बहिणीकडेच दिसलं. बहीण आमच्या पाण्याच्या टाकीभोवती फिरून बघत होती, कुठे गळते का म्हणून. मी विचारलं तर म्हणाली, "सहज." बायका एकदा आवराआवरीला लागल्या की त्यांना विचारू नये.

१९ जुलै

पोरांमध्ये काहीतरी बदललंय. ओरडलो तरी कुणी उलट बोलत नाही. बॉलची पिशवी मला उचलू देत नाहीत. काल अलोपुआने सराव संपल्यावर सगळ्यांना पुन्हा उभं केलं आणि म्हणाला, "काकांनी सांगितलेली कोपऱ्यावरची चाल जमेपर्यंत घरी जायचं नाही." मी न सांगता. माझ्या इतक्या वर्षांत असं झालेलं नाही. मला वाटतं, लुतेलूवर बोललो ते कुठेतरी लागलं. जे राहिलेत त्यांना देश म्हणजे काय ते कळलंय.

२ ऑगस्ट

चर्चमध्ये संघासाठी प्रार्थना झाली. पाद्री म्हणाले, जाणाऱ्यांना वाट सोपी होवो आणि नव्या जागी त्यांना माणसं मिळोत. सुव्याला दोन आठवड्यांसाठी जातोय आम्ही, नवी माणसं कशाला मिळायला हवीत? म्हातारे झालेत. माझी मेहुणी हुंदके देऊन रडत होती. एवढा गवगवा संघाच्या वाट्याला कधी आला नव्हता.

निघताना इलिसे कानाशी येऊन म्हणाली, "बाबा, मी काही सांगितलं नाही ना तुला?"

"काय?"

"काही नाही." आणि आईकडे बघून तोंडावर हात.

येताना काहीतरी आण म्हणत असेल. बूट बघतो तिला.

६ ऑगस्ट, सुवा

सॉलोमनकडून नऊ गोल खाल्ले. लिहायला आणखी काय आहे? पहिले तीन होईस्तोवर मी सूचना देत होतो. नंतर माझ्या लक्षात आलं की मी सांगतोय ते सगळं बरोबर आहे आणि त्याचा काही उपयोग नाही. त्यांचे पोरगे आमच्या पोरांच्या बाजूने निघून जात होते. एतिमोनी प्रत्येक वेळी आत जाऊन बॉल आणायचा, नीट पुसायचा आणि मध्यावर फेकायचा. मध्यंतरात त्याने मला विचारलं, "काका, माझं काय चुकतंय?" मी म्हटलं, काही नाही. खरंच काही नव्हतं.

लुतेलू असता तर पाच झाले असते. कदाचित सहा.

९ ऑगस्ट

वानुआतूकडून सात. अलोपुआच्या भुवईवर टाके. बदली खेळाडू एकच होता, त्याला आधीच आत घेतलेला, म्हणून अलोपुआ पट्टी बांधून खेळला. मैदानाच्या रेषेवर उभं राहून बघण्याशिवाय मला काही करता येत नव्हतं. ती रेष ओलांडली की पंच हाकलून देतो.

१२ ऑगस्ट

किरिबाटीशी एक-एक.

हे मला सावकाश लिहायचं आहे. ते आमच्यासारखेच, आमच्याइतकेच भुकेले. त्यांनी आधी गोल केला. मग शेवटाकडे आम्हाला कोपऱ्यावरचा फटका मिळाला आणि पोरांनी ती चाल केली, जशी मी सांगितली होती तशी. दोघं जवळच्या खांबाकडे धावले, बचाव त्यांच्यामागे गेला आणि मागून अलोपुआने टाके घातलेल्या कपाळाने बॉल आत ढकलला. पट्टी लाल झाली. तो इतरांकडे गेलाच नाही, थेट माझ्याकडे धावत आला आणि मला घट्ट धरलं. मग सगळे आले. एतिमोनी अख्खं मैदान ओलांडून आला. त्यातले निम्मे रडत होते. बरोबरीला कोण एवढं रडतं? मला वाटलं, हाच तो इतिहास, जो लिहायचा होता.

१३ ऑगस्ट

काल संध्याकाळी जेवताना जे झालं ते आज लिहितोय, काल हात चालला नाही.

फिजीत राहणारे आमचे लोक जेवण घेऊन आले होते. अलोपुआ उठून उभा राहिला. त्याला भाषण येत नाही. म्हणाला, "काका, आम्हाला जास्त काही देता आलं नाही. एकच गोल. तिकडे गेल्यावर आम्हाला विसरू नका."

मी म्हटलं, "तिकडे म्हणजे कुठे?"

तो हसला, मी गंमत करतोय असं समजून. मग त्याचं हसू गेलं. त्याने एतिमोनीकडे बघितलं. एतिमोनी ताटाकडे बघत होता. सगळेच ताटाकडे बघत होते.

"कुठे, अलोपुआ?"

"मला वाटलं काकूंनी सांगितलं असेल," तो म्हणाला. "निदान आज तरी, स्पर्धा संपल्यावर."

मी बाहेर जाऊन फोन लावला. माकेरीताने उचलला आणि मी काही बोलायच्या आत म्हणाली, "कुणी सांगितलं?"

आमचं नाव मे महिन्यात निघालं होतं. लुतेलूच्याच दिवशी. साऱ्या बेटाला माहीत होतं.

"मी सांगणारच होते," ती म्हणाली. "त्याच दिवशी सांगणार होते. तू घरात आलास तो लुतेलूला शिव्या देतच. मग रोज ठरवायचे आणि रोज तू कुणाला ना कुणाला शिव्या देत यायचास. शेवटी म्हटलं, याची स्पर्धा होऊ दे. मीच पोरांना सांगितलं, तोवर बोलू नका."

मी म्हटलं, मी येणार नाही.

"मग इलिसेला तू सांग," ती म्हणाली, आणि तिने फोन पोरीकडे देण्याआधी मी तो बंद केला.

छातीचा फोटो आठवला. रांगेत उभं राहून, शर्ट काढून, श्वास रोखून धरला होता मी. संघासाठी.

२२ ऑगस्ट

घरी येऊन आठवडा झाला. आम्ही दोघं मोजकंच बोलतो. ती आवरते, मी बघतो. एकदा म्हटलं, "तुम्ही दोघी पुढे जा, मी मागून येतो."

"कधी?"

मी तिने बांधलेली पेटी उचलून दुसऱ्या कोपऱ्यात ठेवली.

"तू येणार नाहीस," ती म्हणाली. "मला राग नाही. पण मग आत्ताच सांग. तिकडे गेल्यावर रोज दाराकडे बघायला लावू नकोस तिला."

२७ ऑगस्ट

इलिसेला घेऊन बंदरावर गेलो होतो, मासे घ्यायला. येताना ती चालेना. मी पाठुंगळी घेतलं. पाठीवर तिचं हृदय लागत होतं, नुसतं वेगात नाही, मध्येच अडखळत. जहाज आलं होतं. पीठ होतं, तांदूळ होता, इंजेक्शन नव्हतं. डॉक्टर म्हणाला, पुढच्या जहाजाने नक्की. डोळे चुकवत म्हणाला.

घरी येऊन माकेरीताला विचारलं, "मला गरम कपडे लागतील का?"

तिने मान डोलावली. मग कामाला लागली, पाठ करून. खांदे हलत होते.

१० सप्टेंबर

लुतेलूच्या आईकडे जाऊन आलो. निरोपाच्या जेवणाला आलो नाही, त्याबद्दल बोलायचं ठरवून गेलो होतो. तिने बोलूच दिलं नाही, नारळाचं पाणी पुढे केलं. म्हणाली, "तो विचारतो रोज, काका कसे आहेत."

एतिमोनीला म्हटलं, संघ तू घे. त्याने टोपी काढून पुन्हा घातली. मग म्हणाला, "घेतो काका. पण बायकोने पुढच्या खेपेला नाव टाकायचं म्हटलंय. मी नाही म्हणू शकत नाही." मी म्हटलं, म्हणू नकोस. मग बॉलची पिशवी त्याच्या हातात दिली.

३ ऑक्टोबर, मेलबर्न

विमानतळावर लुतेलू आला होता. हातात तीन जाड कोट. अंगाने भरलाय, दाढी ठेवलीय. इतक्या दिवसांत त्याच्यासाठी मनात जुळवलेलं एकही वाक्य तोंडातून निघालं नाही. त्याने कोट उघडून धरला, लहान मुलाला घालतात तसा.

"हात घाला काका. बाहेर थंडी बोचतेय."

मी हात घातले.

गाडीत तोच बोलत होता. मांसाच्या कारखान्यातलं काम, घराचं भाडं, कुठे कुठली गाडी पकडायची. माकेरीता सगळं विचारून घेत होती. मी खिडकीबाहेर बघत होतो. मैदानं लागली, एकामागून एक. हिरवीगार, सपाट, रिकामी. एकावरही कुणी नव्हतं. मी मोजायला सुरुवात केली आणि सोडून दिली.

१६ ऑक्टोबर

इलिसेला मोठ्या इस्पितळात दाखवलं. इंजेक्शन तिथल्या तिथे दिलं. नर्सने कपाट उघडलं, काढलं, दिलं. माकेरीता भिंतीला टेकून उभी राहिली. शस्त्रक्रिया करावी लागेल, पण आणखी उशीर झाला असता तर करता आली नसती, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. म्हणजे नक्की किती उशीर, हे मी विचारलं नाही. मे महिन्यापासूनचा प्रत्येक आठवडा मला तोंडपाठ आहे.

बाईंनी विचारलं, तुम्ही तिकडे काय करत होता? माकेरीताने सांगितलं, वीजघरात होते. मी म्हटलं, आणि राष्ट्रीय फुटबॉल संघाचा प्रशिक्षक. बाई हसल्या, छान विनोद केल्यासारख्या. मग मीही हसलो.

२ नोव्हेंबर

एतिमोनीचा फोन. पुढच्या वर्षीच्या स्पर्धेतून नाव मागे घेतलं. माणसं जमत नाहीत. अलोपुआचा गुडघा गेलाय.

"तुम्ही असता तर कसंही करून अकरा जण जमवले असते," तो म्हणाला.

"नसते जमले," मी म्हटलं.

८ नोव्हेंबर

शनिवार. लुतेलू तीन आठवडे मागे लागला होता, आज इलिसेच मागे लागली. उद्यानात आमच्या लोकांचा एक संघ खेळतो, सामोआच्या पोरांविरुद्ध. गेलो. लांब झाडाखाली बसलो, इलिसेला कोटावर बसवून.

अकरा होते. शिवाय बाहेर चार जण बसलेले. मी एकेकाला ओळखत गेलो. माझा डावखुरा होता, न सांगता गेलेला. माझा डावा बचाव होता. गोलात लुतेलू. गवत मऊ, कुणीही पडायला भीत नव्हतं. चांगले खेळत होते. मी इतकी वर्षं सांगत होतो तसे खेळत होते.

लुतेलू लवकर पुढे धावला आणि गोल झाला. माझं तोंड उघडलं आणि तसंच मिटलं.

शेजारी एक म्हातारा ऑस्ट्रेलियन कुत्रा घेऊन उभा होता. "छान खेळतात," म्हणाला. "कुठला क्लब?"

मी देशाचं नाव सांगितलं. त्याला ते नीट ऐकू आलं नाही, पुन्हा सांगितलं. त्याने खिशातून फोन काढला, नकाशा उघडला आणि माझ्यापुढे धरला. सगळा निळा. मी बोटाने जागा दाखवली. त्याने डोळे बारीक करून बघितलं.

"इथे तर काहीच नाही हो," तो म्हणाला.

"आहे," मी म्हटलं. "अजून मोठं करा."

तो करत राहिला. कुत्रा दोरी ओढायला लागला, तरी तो करत होता, भला माणूस. मैदानात मध्यावरून खेळ पुन्हा सुरू झाला होता, पण मी तिकडे बघत नव्हतो.

"अजून," मी म्हटलं. "अजून थोडं."